प्रतिकृती जहाजावरचा खलाशी कसा घडवावा

जहाजाच्या प्रतिकृतीवर माणूस उभा केला की तिची मापे बोलू लागतात. कठडा खलाशाच्या कमरेला लागतो की छातीला, सुकाणूचे चक्र त्याच्या खांद्यापर्यंत येते की कमरेपर्यंत, तोफेमागे उभे राहायला कितीशी जागा उरते, हे सारे २६ मिलिमीटरच्या एका आकृतीवरून पाहणाऱ्याला लगेच उमगते. म्हणूनच ती आकृती बिघडली तर नुकसानही तेवढेच मोठे होते. डोके थोडे मोठे झाले किंवा उंची दोन मिलिमीटरने वाढली, तर महिनोन्‌महिने खपून बांधलेले जहाज खेळण्यासारखे दिसू लागते. बाजारात तयार मिळणाऱ्या आकृत्यांपैकी बऱ्याचशा टेबलावर मांडायच्या युद्धखेळांसाठी केलेल्या असतात. त्यांची डोकी आणि हात मुद्दाम मोठे ठेवलेले असतात, शिवाय त्यांच्या ठरावीक पवित्र्यांचा जहाजावरच्या कामाशी संबंध नसतो. खलाशी स्वतः घडवणे हाच खरा मार्ग आहे, आणि तो घडवताना एक क्रम कटाक्षाने पाळावा: आधी काम ठरवावे, मग डेकवरची जागा ठरवावी, त्या जागेवर उभे करून सांगाड्याची तार वाकवावी आणि पुट्टीला हात त्यानंतरच लावावा.

पुढची सर्व मापे आणि पोशाख एका ठरावीक जहाजाला धरून दिले आहेत, कारण ‘जुन्या काळचा खलाशी’ अशी मोघम कल्पना मनात ठेवून काम सुरू केले की प्रत्येक टप्प्यावर अडायला होते. एचएमएस ट्रिंकोमाली ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट (वेगवान शिडाची युद्धनौका) मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. इंग्लंडला पोहोचल्यावर ती बरीच वर्षे राखीव पडून होती. पुढे तिचे रूपांतर २६ तोफांच्या कॉर्व्हेटमध्ये (फ्रिगेटहून खालच्या दर्जाच्या युद्धनौकेत) झाले आणि १८४७ ते १८५० या काळात तिने उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रात, तर १८५२ ते १८५७ या काळात प्रशांत महासागरात काम केले. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे आणि अजूनही पाण्यावर तरंगते. त्यामुळे तिच्या डेकची, कठड्यांची आणि चक्राची भरपूर छायाचित्रे अभ्यासाला मिळतात. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे ४५.८ मीटर आहे. १:६४ या प्रमाणात, म्हणजे मूळ जहाजाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या प्रतिकृतीत, ती साधारण ७२ सेंटिमीटर होते. आपण १८५० सालचे, वेस्ट इंडीजच्या उन्हातले जहाज डोळ्यांसमोर ठेवू.

उंची आणि मापाची पट्टी

त्या काळचा ब्रिटिश खलाशी साधारण १६५ ते १६८ सेंटिमीटर उंच धरावा. १:६४ मध्ये तो २६ मिलिमीटरच्या आसपास येतो, १:४८ मध्ये ३५, १:७२ मध्ये २३ आणि १:९६ मध्ये साडेसतरा मिलिमीटर. याहून लहान प्रमाणांना निराळी पद्धत लागते. तिथे बारीक तारेवर गोंद आणि रंगाचे थर चढवले तरी पुरते, म्हणून ती प्रमाणे येथे बाजूला ठेवली आहेत. जहाजावर कोवळ्या वयाची पोरेही नोकरीला असत, त्यांना १:६४ मध्ये २३ ते २४ मिलिमीटर ठेवावे. मोठ्या माणसांतही सगळे एका उंचीचे करू नयेत, कारण घोळक्यातली दोन-तीन डोकी मिलिमीटरभर खाली-वर असली की तो घोळका खरा वाटतो.

जाड कार्डाची एक अरुंद पट्टी कापून तिच्यावर तळापासून या खुणा कराव्यात: गुडघा ७.३ मिलिमीटर, जांघ साडेबारा ते तेरा, कोपर १६.५, खांदा २१.५, हनुवटी २२.७ आणि माथा २६.२. म्हणजे हनुवटीपासून माथ्यापर्यंत डोके साडेतीन मिलिमीटरचे होते आणि पूर्ण देह साडेसात डोक्यांचा. खांद्यांची रुंदी साडेसहा मिलिमीटर, पाऊल चार मिलिमीटर, आणि मिटलेल्या मुठीची रुंदी जेमतेम १.४ मिलिमीटर. ही पट्टी कामाच्या पाटावर सतत उभी असावी, कारण घडवताना हाताचा ओढा नेहमी मोठे करण्याकडे असतो आणि डोके व तळहात हे दोन अवयव सर्वांत आधी फुगतात. टोपी घालायची असली तरी कवटी साडेतीन मिलिमीटरचीच करावी आणि टोपी तिच्यावर बसवावी. टोपीसाठी म्हणून डोके वाढवू नये.

काम आणि जागा

येथे जितका विचार कराल तितके पुढचे श्रम वाचतात. प्रथम जहाज कोणत्या स्थितीत आहे ते ठरवावे. प्रतिकृतीला शिडे लावलीच नसतील, तर जहाज नांगरावर किंवा बंदरात उभे आहे असेच पाहणारा समजतो. अशा जहाजावर चक्र धरून दूर पाहणारा सुकाणूदार निरर्थक ठरतो. तिथे दुरुस्तीची आणि सफाईची माणसे शोभतात. मांडी घालून शीड शिवणारा, दोराची वेटोळी घालणारा, कठड्यावर कोपरे टेकून खालच्या होडीकडे पाहणारा, गुडघ्यांवर बसून वालुकाश्माच्या विटेने डेक घासणारा, ही कामे त्या जहाजावर रोजची होती. डेक घासताना पाटलोण गुडघ्याच्या वर दुमडलेली असे, पाय उघडे असत आणि पाच-सहा माणसे एका ओळीत पुढे सरकत. घडवायला हा समूह फार चांगला आहे. एकाच कामाची थोडी-थोडी बदललेली शरीरे त्यात येतात.

शिडे उभारलेली असतील तर चक्रावर माणूस हवाच, आणि त्याचे डोके कसे वळले आहे याला फार महत्त्व आहे. तो एकतर समोरच्या होकायंत्राकडे खाली पाहतो किंवा शिडाची वाऱ्याकडची कड थरथरते का हे पाहायला मान वर करतो. समोर शून्यात पाहणारा सुकाणूदार खोटा दिसतो. दोर ओढणारे दाखवायचे असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: वरच्या शिडाची आडकाठी चढवायला माणसांची लांब रांग लागत असे, म्हणून तो जाड दोर दोघांच्या हाती देऊ नये. आठ-दहाच आकृत्या करायच्या असतील तर दोघा-तिघांना पेलणारी कामे निवडावीत. माझे मत असे आहे की दोन ठिकाणी तीन-तीन माणसांचे घोळके, एक अधिकारी आणि एक एकटा खलाशी एवढे या आकाराच्या जहाजाला पुरेसे आहेत. डेकचा बराचसा भाग मोकळाच राहिला पाहिजे, नाहीतर इतक्या कष्टाने बसवलेल्या फळ्या, तोफा आणि दोरखंड दिसेनासे होतात.

पोशाखाबाबत या काळाचा एक मोठा फायदा आहे. ब्रिटिश नौदलात अधिकाऱ्यांचा गणवेश १७४८ मध्येच ठरला होता. साध्या खलाशांना मात्र अधिकृत गणवेश १८५७ मध्ये मिळाला. म्हणजे १८५० च्या डेकवर खलाशांच्या कपड्यांत फरक दाखवणे इतिहासाला धरूनच आहे. कपडे बहुतेक जहाजावरच्या साठ्यातून विकत घेतलेले असत, म्हणून साधर्म्यही दिसते: आखूड निळे जाकीट किंवा सैल सदरा, घोट्याशी रुंद होणारी पांढरी जाड सुती पाटलोण, गळ्यात काळा रेशमी रुमाल, आणि डोक्यावर वेताच्या वेणीसारखी विणलेली गवती टोपी किंवा डांबर चोपडलेली काळी टोपी. उष्ण हवेत बरेच जण अनवाणी असत. पाठीवर रुळणारी वेणी या काळापर्यंत मागे पडली होती, ती देऊ नये. पूर्ण दाढी ठेवायची मुभा ब्रिटिश नौदलात १८६९ मध्ये मिळाली, म्हणून गालांवर कल्ले आणि गुळगुळीत हनुवटी ठेवावी. जहाजावरचे नौसैनिक शिपाई तांबडा कोट आणि छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे यांवरून ओळखू येतात. असा एक शिपाई शिडीच्या तोंडाशी पहाऱ्याला ठेवला की निळ्या-पांढऱ्या डेकवर नजर ठरायला जागा मिळते.

आपल्या किनाऱ्यावरचा मचवा करणाऱ्यांना हीच पद्धत चालते, फक्त कष्टांची वाटणी बदलते. कोळी बांधवांच्या सुरक्याखाली मांडी, गुडघा आणि पोटरी उघडी राहते, त्यामुळे सैल पाटलोणीत लपून जाणारे पायाचे स्नायू तिथे नीट घडवावे लागतात; पोटरीचा फुगवटा बाहेरच्या बाजूला किंचित वर आणि आतल्या बाजूला किंचित खाली असतो एवढे जरी साधले तरी पाय जिवंत होतो.

साहित्य

तारेसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जावे. तिथे तांब्याची वाइंडिंग वायर वजनावर मिळते. १:६४ साठी २६ गेजची, म्हणजे ०.४६ मिलिमीटरची, आणि हातांसाठी २८ गेजची, म्हणजे ०.३८ मिलिमीटरची तार घ्यावी. या प्रमाणात मनगट सुमारे ०.९ मिलिमीटर रुंद येते, म्हणून याहून जाड तार वापरली तर तिच्यावर पुट्टीला जागाच उरत नाही. तारेवरचा इनॅमलचा थर पॉलिश पेपरने खरवडून काढावा, कारण गुळगुळीत तारेवरून पुट्टी फिरते आणि घडवता घडवता पायच गोल वळू लागतो.

पुट्टी दोन भाग मिसळून कडक होणारी इपॉक्सीचीच हवी; हवेवर वाळणारी माती एवढ्या बारीक आकारात आकसते आणि तारेवर तडकते. आपल्याकडे सहज मिळणारे मोल्ड-इट किंवा शिल्पकार यांवर सराव उत्तम होतो, आणि नळाच्या गळतीसाठी वापरतात ती एम-सील लवकर घट्ट होत असल्याने आतल्या गाभ्याला सोयीची पडते. चेहरा आणि कपड्यांच्या बारीक कामासाठी मिलिपुटचा सर्वांत तलम पांढरा प्रकार आणि ग्रीन स्टफ या दोन इपॉक्सी पुट्ट्यांचे समभाग मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. ग्रीन स्टफ रबरासारखी ताणते आणि कड धारदार ठेवते, पण कडक झाल्यावर घासली जात नाही. मिलिपुट घासता येते, पण ओली असताना कडा ढासळतात. दोन्ही एकत्र केल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

कोरण्या फार लागत नाहीत. पेनच्या नळीत बसवलेली एक शिवणाची सुई, टोक घासून गोल केलेली दुसरी सुई, दाताच्या डॉक्टरांकडची जुनी पानासारखी कोरणी आणि रबरी टोकाचा एक ब्रश एवढ्यावर पूर्ण आकृती होते. कोरणीला पुट्टी चिकटू नये म्हणून ती पाण्याच्या थेंबाने किंवा व्हॅसलीनच्या अगदी पुसट बोटाने ओली ठेवावी. डोक्यावर लावायचे भिंग घ्यावे, पण खडबडीत काम उघड्या डोळ्यांनीच करावे, कारण भिंगाखाली प्रमाणाचे भान सुटते. कच्ची इपॉक्सी काहींच्या त्वचेला बाधते, म्हणून मिसळताना पातळ हातमोजे घालावेत, आणि कडक पुट्टी घासताना पाणी लावून घासावी व तोंडावर मास्क ठेवावा.

तारेचा सांगाडा

२६ गेजच्या १५ सेंटिमीटर तारेचा मध्य शोधून तिथे एक बारीक फास करावा. हा फास मानेचा खुंट होतो. फासाखाली दोन्ही पदर खांद्यापासून कमरेपर्यंत पिळावेत, कमरेशी सोडून दोन पाय करावेत. पायाच्या तळाखाली तार कापू नये, सहा-सात मिलिमीटर जास्तीची सोडावी. घडवताना हीच शेपटे बुचात रोवून आकृती धरता येते आणि शेवटी त्यांनीच ती डेकवर पक्की होते. हातांची २८ गेजची वेगळी तार खांद्याच्या खुणेशी पिळाच्या मधून आरपार घालून सुपरग्लूच्या थेंबाने धरावी.

आता हा सांगाडा डेकवर न्यावा. खऱ्या फळ्यांना भोके पाडायची नसतील तर कठडा, चक्र किंवा तोफ यांची जाड कार्डातली नक्कल करून तिच्यावर काम करावे, पण उंची आणि अंतरे नेमकी मूळ जहाजावरची घ्यावीत. पट्टीवरच्या खुणा धरून गुडघा, कोपर आणि कंबर वाकवावी. या टप्प्यावर देहाचा तोल साधतो किंवा कायमचा बिघडतो. एका पायावर भार टाकून उभ्या माणसाच्या मानेचा खळगा भाराच्या पावलाच्या बरोबर वर येतो, त्या बाजूचे कुल्ले वर उचलले जाते आणि खांदा त्याच बाजूला खाली झुकतो. दोर ओढणाऱ्याचे मात्र तसे नसते. तो मागे कलतो, त्याचा भार दोराला टांगलेला असतो, दोर सोडला तर तो पाठीवर पडेल इतका. जड दोर ओढताना हात कोपरात वाकत नाहीत, जवळजवळ सरळ राहतात, जोर पायांतून आणि पाठीतून येतो. नवशिक्यांचे बहुतेक दोर ओढणारे ताठ उभे राहून हात वाकवून ओढताना दिसतात, आणि त्यामुळे जड दोर सुतळीएवढा हलका वाटतो. शंका आली तर घरातल्या कोणाला तरी दाराच्या कडीला बांधलेली चादर जोर लावून ओढायला सांगावे, बाजूने फोटो काढावा आणि तो छापून २६ मिलिमीटरपर्यंत लहान करून तार त्यावर ठेवून पाहावी.

पुट्टीचे थर

सगळी आकृती एका बैठकीत करू नये. पहिल्या थरात फक्त हाडे झाकावीत: छातीचा अंड्यासारखा गोळा, कमरेचा छोटा ठोकळा, मांड्या आणि दंडांवर पातळ लेप. हा थर पूर्ण मापापेक्षा बराच बारीक असावा, कारण वर कपडे यायचे आहेत. तो एक दिवस कडक होऊ द्यावा. घाई असेल तर खोक्यात पिवळा बल्ब लावून त्याच्या उबेत ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुट्टी आधीच लवकर आवळते, म्हणून मिसळलेला गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजरमध्ये ठेवावा आणि लागेल तेवढाच कण बाहेर काढावा.

दुसऱ्या थरात पाटलोण येते. एका पायाला मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी पुट्टी पुरते. ती पायाभोवती लपेटून मागे सांधावी, खालची कड रुंद करून पावलावर पडू द्यावी आणि अर्धा तास थांबावे. ताजी पुट्टी फार मऊ असते, थोडी आवळली की सुईची खूण तिच्यात टिकते. मग चुण्या घालाव्यात. चुणी नेहमी कापड जिथे ताणले किंवा दबले जाते तिथून निघते: जांघ, गुडघ्यामागची खोबण, काख, कोपर. वाकलेल्या गुडघ्यावर कापड गुळगुळीत ताणलेले आणि मागे दोन-तीन आडव्या घड्या, एवढे दाखवले की पुरे. खऱ्या कापडावर वीस चुण्या असतील तर या आकारात चारच घालाव्यात, पण त्या खऱ्यापेक्षा खोल असाव्यात, कारण रंगाचे थर त्यांना बुजवतात. सुई ओढण्याऐवजी आडवी ठेवून लाटण्यासारखी फिरवली तर दरीची कड मऊ राहते.

पाटलोण कडक झाल्यावर सदरा किंवा जाकीट घालावे आणि त्यानंतरच बाह्या. एकावेळी शरीराचा एकच भाग ओला असावा, म्हणजे आकृती बोटांत धरायला कोरडी जागा राहते. म्हणून एकाच बैठकीत पाच-सहा सांगाडे रांगेने उभे करावेत आणि सर्वांच्या पाटलोणी, मग सर्वांचे सदरे असे काम न्यावे. पुट्टी वाया जात नाही आणि सर्वांच्या अंगावरचे कापड एकाच जाडीचे दिसते. गळ्याचा रुमाल केसाएवढ्या बारीक वळकटीचा करावा. शिपायाचे पट्टे पुट्टीने करू नयेत, ०.९ मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या चिकटवाव्यात. गवती टोपीची कड साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकतीची करावी. चकतीला सुपरग्लू पाजला की ती पत्र्यासारखी कडक होते आणि पुट्टीपेक्षा पातळ दिसते. मधला उंचवटा २.८ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर उंच पुट्टीचा.

डोके आणि मूठ

डोकी देहापासून वेगळी, दातकोरणीच्या टोकावर करावीत आणि लागतात त्याच्या दुप्पट करावीत, म्हणजे निवडीला वाव राहतो. साडेतीन मिलिमीटरच्या अंड्यावर प्रथम अर्ध्या उंचीवर सुईच्या गोल टोकाने दोन खळगे दाबावेत. डोळे नेहमी डोक्याच्या मध्यावर येतात, वर नाही. खळग्यांच्या मधे पुट्टीचा तिळाहून लहान कण नाक म्हणून बसवून त्याचा वरचा भाग कपाळात मिसळावा. नाकाखाली एक आडवी रेघ तोंडाची, तिच्याखाली एक हलका दाब, म्हणजे खालचा ओठ आणि हनुवटी आपोआप सुटी होतात. कानांना सर्वांत शेवटी, नाकाच्या उंचीएवढे आणि जबड्याच्या मागच्या कडेवर बसवावे. डोळ्यांची बुबुळे घडवण्याचा मोह टाळावा. या आकारात भुवईखालची सावली हाच डोळा असतो. मान बसवताना डोके खांद्यांच्या रेषेत सरळ न ठेवता कामाच्या दिशेला वळवून लावावे.

मुठीसाठी एक युक्ती सांगतो, जी मला या सर्व कामात सर्वांत मोलाची वाटते. बोटे एकेक करून घडवू नयेत; या प्रमाणात एक बोट पाव मिलिमीटरच्या आसपास असते. त्याऐवजी मनगटाच्या तारेवर १.३ मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पुट्टीची जीभ बसवावी. जो दोर त्या हातात द्यायचा आहे त्याच जाडीची, समजा ०.४ मिलिमीटरची, सरळ तार व्हॅसलीनने पुसून त्या जिभेत ठेवावी आणि जीभ तिच्यावर वळवून मिटावी. थोडी आवळली की सुईने तीन खाचा द्याव्यात, चार बोटे दिसू लागतात, आणि वेगळ्या कणाचा अंगठा त्यांवर आडवा लावावा. पुट्टी कडक झाल्यावर तार ओढून काढली की मुठीत नेमकी दोर बसेल अशी नळी उरते. दोन्ही मुठींसाठी तार एकच असावी, म्हणजे दोर पुढे ओवताना दोन्ही हात एका रेषेत येतात. चक्राच्या दांड्या धरणाऱ्या हातांनाही हीच पद्धत लागू पडते. फक्त तेथे जीभ दांडीवर पूर्ण मिटू नये, नाहीतर आकृती चक्रातून परत निघणार नाही.

रंग

आकृतीला साबणाच्या पाण्याने हलके धुऊन राखाडी प्रायमरचा अगदी पातळ फवारा द्यावा. प्रायमर चढताच आतापर्यंत न दिसलेले बोटांचे ठसे आणि सांधे दिसू लागतात. ते याच वेळी घासून पुन्हा प्रायमर द्यावा.

डेकवरून हातभर अंतरावर पाहिलेली आकृती म्हणजे प्रत्यक्षात २०-३० मीटरवरचा माणूस. एवढ्या अंतरावर शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा दिसत नाही. नौदलाचा गडद निळा बाटलीतून तसाच लावला तर वाळल्यावर काळा दिसतो, म्हणून त्यात राखाडी मिसळून दोन छटा फिका करावा आणि चुण्यांच्या माथ्यावर आणखी फिकी रेघ द्यावी. पांढऱ्या पाटलोणीचा पाया फिकट वाळूच्या रंगाचा ठेवून उंचवट्यांवरच पांढरा येऊ द्यावा. त्वचेवर तांबूस तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सोडला की तो खळग्यांत उतरतो. मग नाकाचा शेंडा, गालाची हाडे आणि बोटांची पेरे उजळावीत. वेस्ट इंडीजच्या उन्हात मान आणि हात रापलेले असतील, हे विसरू नये. त्या नौदलात आफ्रिकी वंशाचे खलाशीही होते, तेव्हा सर्वांना एकच त्वचेचा रंग देणे चूक आहे.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शिकलेल्या हाताला येथे स्वतःला आवरावे लागते. साडेतीन मिलिमीटरच्या डोक्यात डोळ्याचा पांढरा भाग रंगवला की चेहरा दचकलेला दिसतो. गडद तपकिरी रंगाची एक आडवी रेघ आणि तिच्यावर भुवईची पुसट छटा एवढे पुरे. शेवटी मॅट वार्निश द्यावे. डांबरी टोपीवर मात्र अर्धवट चकाकीचा हात फिरवावा.

डेकवर बसवणे

मोकळ्या उभ्या आकृत्या सर्व दोरखंड बांधून झाल्यावर बसवाव्यात. डोलकाठ्यांच्या बुंध्याशी किंवा शीडशिडीच्या (डोलकाठीवर चढायच्या दोरांच्या शिडीच्या) आड असलेल्यांना मात्र वरचे दोर आवळण्यापूर्वीच जागेवर न्यावे लागते, नंतर तिथे चिमटा पोहोचत नाही. पायाखालच्या तारांच्या खुणा कागदावर घेऊन तेवढीच बारीक भोके अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने पाडावीत. तारेला इपॉक्सी गोंदाचा कण लावून आकृती खाली दाबावी आणि डोळा डेकच्या पातळीला आणून दोन्ही तळवे फळ्यांना टेकले आहेत ना, हे उजेडाच्या फटीवरून पाहावे. टाचेखाली फट दिसली तर माणूस तरंगताना दिसतो. तिथे सुईच्या टोकाने लाकडी रंगाच्या पुट्टीचा अंश भरून वरून रंगाचा ठिपका द्यावा.

दोर ओढणाऱ्यांच्या बाबतीत आकृती आधी पक्की करावी, मग दोर वरच्या कप्पीतून आणून दोन्ही मुठींतून ओवावा आणि टोकाला छोटा चिमटा लटकवून ताण द्यावा. कप्पीपासून पुढच्या मुठीपर्यंतचा दोर तारेसारखा सरळ असला पाहिजे, आणि मागच्या मुठीनंतरचा सैल होऊन डेकवर पडलेला. सरळ भागासाठी मुठीत सुपरग्लूचा एक थेंब सुईने सोडावा. सैल भाग पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलने भिजवून ओला असतानाच चिमट्याने वळणे देत डेकवर निजवावा आणि वाळेपर्यंत टाचण्यांनी दाबून ठेवावा.